आधी पर्याय, मग किंमत: ब्रुसेल्सला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, युरोपीय आयोग,
मा. सदस्य, युरोपीय संसद,
आणि 27 सदस्य देशांचे पर्यावरणमंत्री व अर्थमंत्री यांस

विषय: घरे तापवण्याच्या आणि वाहनांच्या इंधनावर येऊ घातलेली कार्बनची किंमत

स. न. वि. वि.

मी जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये भाड्याच्या घरात राहतो. ओळखीतल्या मराठी कुटुंबांना, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना आणि आमच्या इमारतीतल्या काही वयस्कर शेजाऱ्यांना इथली बिले, घरमालकाची पत्रे आणि सवलतींचे अर्ज वाचायला, भरायला मदत करतो. त्या कागदांत जे दिसते ते तुमच्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र. मराठीत लिहितो आहे, कारण युरोपात राहणाऱ्या, इथे कर भरणाऱ्या माझ्या भाषेतल्या माणसांनीही या विषयावर बोलायला हवे असे मला वाटते. हाच मजकूर जर्मनमध्ये आमच्या भागातल्या संसद सदस्यांना वेगळा पाठवत आहे.

डिसेंबर 2019 मध्ये युरोपीय हरित कराराची घोषणा करताना कुणालाही मागे सोडणार नाही, असे वचन तुम्ही दिले होते. 2021 च्या हवामान कायद्याने 1990 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जन 55 टक्क्यांनी घटवण्याचे आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे बंधन घातले. ही उद्दिष्टे सैल करा, असे मी म्हणणार नाही. जुलै 2021 मध्ये आहर नदीला पूर आला तेव्हा इथून गाडीने दोन तासांच्या आत असलेल्या झिंत्सिग गावात, दिव्यांगांच्या निवासातले 12 जण तळमजल्यावरच्या खोल्यांत बुडून गेले. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपभर सुमारे 70 हजार माणसे उष्णतेने दगावली, त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा होता. हवामान बिघडले की ज्याला दुसरीकडे जायला जागा नाही तोच आधी सापडतो. म्हणून गरिबांचे नाव पुढे करून हरित धोरणे गुंडाळू पाहणारे पक्ष मला आमचे वाटत नाहीत.

पण धोरणाची झळही आधी त्याच माणसाला बसणार असेल, तर चूक धोरणाच्या क्रमात आहे. मला जे सांगायचे आहे ते एवढेच: माणसाला आधी पर्याय द्या, त्याच्या हातात आधी पैसे पोहोचवा आणि मगच किंमत लावा. आज तुम्ही आधी कळस मग पाया असे काम करत आहात.

वीजनिर्मिती आणि अवजड उद्योगांसाठी कार्बन परवान्यांचा बाजार 2005 पासून आहे: हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना लागतो. 2023 मध्ये तुम्ही दुसऱ्या बाजाराचा कायदा केला: घरे तापवणारा गॅस आणि तेल, गाड्यांचे पेट्रोल आणि डिझेल यांच्यासाठी. इंधन विकणाऱ्या कंपन्या परवाने विकत घेणार आणि तो खर्च ग्राहकाच्या बिलात येणार. हा बाजार 2027 मध्ये सुरू व्हायचा होता. 2025 च्या अखेरीस तो 2028 वर ढकलायचे तुमच्यात ठरले. जर्मनीत आम्हाला याची चव आधीच मिळाली आहे. इथे 2021 पासून राष्ट्रीय पातळीवर अशीच किंमत आहे. सुरुवातीला टनाला 25 युरो होती, 2025 मध्ये ती 55 युरोवर गेली. त्यामुळे पुढे काय होईल याचा अंदाज बांधत बसावे लागत नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेला कागद पाहिला की पुरे.

तो कागद असा असतो. वर्षातून एकदा घरमालकाकडून जाड पाकीट येते. आत तक्त्यांची पाने असतात. इमारतीत एकूण किती गॅस जळला, त्यातला तुमचा वाटा किती, त्यातला काही भाग घराच्या क्षेत्रफळावर आणि बाकीचा खोली तापवणाऱ्या रेडिएटरला लावलेल्या मापकाच्या आकड्यावर. अलीकडे त्यात एक नवी ओळ आली आहे: कार्बन डायऑक्साइडचा खर्च, भाडेकरूचा वाटा आणि मालकाचा वाटा.

ही ओळ मला महत्त्वाची वाटते, कारण ती न्यायाच्या बाजूने टाकलेले एक खरे पाऊल आहे. 1 जानेवारी 2023 पासून जर्मनीत हा खर्च दहा पायऱ्यांमध्ये वाटला जातो. घर जितके खराब तितका मालकाचा वाटा मोठा. अगदी गळक्या इमारतीत मालकाने 95 टक्के भरायचे, उत्तम इमारतीत सगळा भार भाडेकरूचा. समजा 60 चौरस मीटरचे घर आहे आणि त्याला वर्षाला 12 हजार किलोवॉट-तास गॅस लागतो. युद्धानंतर घाईघाईने उभ्या राहिलेल्या इमारतींत एवढा लागतोच. एका किलोवॉट-तासामागे ढोबळमानाने 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाचे 2.4 टन होतात. टनाला 55 युरो या दराने 132 युरो. पायऱ्यांच्या हिशेबात त्यातले 40 टक्के भाडेकरूकडे येतात, म्हणजे 53 युरो. बाकी 79 मालकाचे. ही रक्कम ऐकून ब्रुसेल्समध्ये कुणाला वाटेल, एवढ्यासाठी का ओरडता?

उत्तर त्याच पाकिटातल्या पुढच्या पानांवर आहे. ज्या घरात प्रत्येक फ्लॅटचा बॉयलर वेगळा आहे, तिथे भाडेकरू गॅस थेट कंपनीकडून घेतो आणि मालकाचा वाटा त्याला स्वतः, ठरावीक मुदतीत, हिशेब जोडून मागावा लागतो. ज्यांना जर्मन नीट येत नाही, ज्यांना मालकाशी वाकडे घ्यायची भीती वाटते, ते मागत नाहीत. कायद्याने दिलेला हक्क अर्जाच्या रकान्यात अडकून राहतो. मी भरून दिलेल्या अर्जांपैकी बरेचसे अशा लोकांचे होते की त्यांना असा काही हक्क आहे हेच ठाऊक नव्हते, आणि त्यात पक्के जर्मन लोकही होते.

आणि खरा पेच याहून मोठा आहे. बॉयलर बदलायचा निर्णय भाडेकरूचा नसतो. भिंतींना आवरण लावायचे, खिडक्या बदलायच्या, बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारा हीट पंप बसवायचा, हे सगळे मालक ठरवतो. युरोपीय महासंघात भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त जर्मनीत आहे, निम्म्याहून अधिक माणसे. किंमत वाढली की माणूस वागणूक बदलेल, हे तुमच्या धोरणाचे गृहीतक आहे. पण बिल भरणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा असेल, तर किंमत वाढून बदलणार काय? बदलतो फक्त रेडिएटरचा खटका, तीनवरून दोनवर, दोनवरून एकवर.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई एकट्या राहतात. हिवाळ्यात त्या फक्त स्वयंपाकघर तापवतात. खुर्ची, रेडिओ, विणकाम, औषधांची डबी सगळे तिथेच आणून ठेवलेले. झोपायच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली आहे. मालकाचे उत्तर असे की, खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा. म्हणजे जी ऊब विकत घेणे त्यांना परवडत नाही, ती बाहेर सोडा. तुमच्या आकडेवारीत या बाईंचा गॅसवापर घटलेला दिसेल आणि उत्सर्जन कमी झाले म्हणून त्याची नोंदही होईल. अशी घट यश म्हणून मोजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. युरोस्टॅट या तुमच्याच सांख्यिकी कार्यालयाच्या माहितीनुसार 2023 मध्ये महासंघातल्या 10.6 टक्के लोकांना घर पुरेसे उबदार ठेवणे परवडत नव्हते. स्पेन, पोर्तुगाल आणि बल्गेरियात हे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर होते. या माणसांनी कमी करण्यासारखे आता काही उरलेले नाही.

बरे, मालकाने इमारत सुधारायची ठरवली तर? जर्मन कायद्यानुसार सुधारणेच्या खर्चापैकी 8 टक्के रक्कम दरवर्षी भाड्यात वाढवता येते. समजा एका फ्लॅटमागे 20 हजार युरो खर्च आला. वर्षाला 1,600 युरो, महिन्याला 133 युरो भाडेवाढ. गॅसचा दर किलोवॉट-तासाला 11 सेंट धरला आणि वापर निम्म्यावर आला तर महिन्याला 55 युरो वाचतात. उरलेले 78 युरो भाडेकरूच्या खिशातून. वाढीला कमाल मर्यादा आहे, चौरस मीटरला सहा वर्षांत 3 युरो, आणि भाडे मुळातच कमी असेल तर 2 युरो, पण 60 मीटरच्या घराला ती 180 किंवा 120 युरो पडते. त्यातली सर्वांत खटकणारी गोष्ट ही की साडेबारा वर्षांत मालकाचा खर्च वसूल झाला तरी वाढलेले भाडे उतरत नाही. घर सुधारले नाही तर कार्बनचा भुर्दंड आणि सुधारले तर भाड्याचा. इकडे आड, तिकडे विहीर. आमच्याकडे येणाऱ्या लोकांना मालकाचे सुधारणेचे पत्र आले की आनंद होत नाही, ते घाबरतात. हवामान धोरणाबद्दल लोकांच्या मनात अढी कशी बसते, हे समजून घ्यायचे असेल तर ही पत्रे वाचा.

इतक्या वर्षांत यावर विचार झाला नाही असे नाही. फ्रान्सचा धडा ताजा आहे. 17 नोव्हेंबर 2018 रोजी पिवळी जाकिटे घातलेली माणसे चौकाचौकांत उभी राहिली. निमित्त होते जानेवारी 2019 पासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट आणि पेट्रोलवर जवळपास तीन सेंट कर वाढवण्याचे. साडेसहा सेंटसाठी देश पेटत नाही. पण वर्षभरापूर्वीच त्याच सरकारने संपत्तीवरचा कर मोडीत काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. लहान गावांतली रेल्वे स्थानके, टपाल कचेऱ्या, प्रसूतिगृहे बंद होत गेली होती, त्यामुळे कामावर जायला गाडीशिवाय इलाज नव्हता. डिझेल गाड्या घ्या असे अनेक वर्षे सरकारनेच सुचवले होते. डिसेंबरात करवाढ मागे घ्यावी लागली. त्या आंदोलनातल्या अनेकांनी महिनाअखेरीची चिंता आणि जगाच्या अखेरीची चिंता एकच आहे, असे फलक धरले होते. त्यांना हवामानाचे काही पडले नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल.

आता उलट उदाहरण. स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कर लावला आणि तो आज जगातल्या सर्वांत चढ्या करांपैकी एक आहे. तरी तिथे घरे तापवण्यावरून रस्त्यावर कुणी उतरले नाही. याचे मोठे कारण हे की सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर स्वीडनच्या शहरांनी मध्यवर्ती केंद्रातून गरम पाणी नळांनी घरोघर पोहोचवायची सोय मोठ्या प्रमाणावर वाढवली होती. कर वाढत गेला तेव्हा बहुतेक शहरी माणसांच्या घरात तेलाचा बॉयलर उरलाच नव्हता. आधी पाइप आले, मग कराचा भार.

क्राकूफचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते, कारण ते श्रीमंत देशातले नाही. पोलंडमधले हे सुंदर शहर हिवाळ्यात कोळशाच्या धुराने कोंडायचे. नागरिकांनी 2012 पासून धुराविरुद्ध मोहीम उघडली. पहिला बंदी ठराव न्यायालयात टिकला नाही. मग देशाचा कायदा बदलला, 2016 च्या जानेवारीत प्रांताच्या सभेने नवा ठराव केला आणि 1 सप्टेंबर 2019 पासून शहरात घर तापवण्यासाठी कोळसा आणि लाकूड जाळायला पूर्ण बंदी आली. ठराव आणि बंदी यांच्यात साडेतीन वर्षे ठेवली होती. त्या काळात महापालिकेने जुन्या भट्ट्या काढून गॅस, वीज किंवा मध्यवर्ती उष्णतेची जोडणी घ्यायला पैसे दिले, जो लवकर बदलेल त्याला जास्त आणि जो रेंगाळेल त्याला कमी. एवढ्यावर थांबली नाही. गॅस किंवा वीज कोळशापेक्षा महाग पडते, हे ओळखून कमी उत्पन्नाच्या घरांना बिलातल्या फरकासाठी दरवर्षी मदत सुरू केली. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. यंत्र बसवून देणे सोपे असते. ते चालवायचा खर्च महिन्यामागून महिने येत राहतो. महाराष्ट्रातल्या खेड्यांत आम्ही हे पाहिले आहे: 2016 मध्ये आलेल्या उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी घरात आली, पण सिलिंडर भरायचे पैसे जमेनात तेव्हा कितीतरी घरांत चूल पुन्हा पेटली.

हाच प्रश्न आज जर्मनीत हीट पंपाला भेडसावतो आहे. स्वतःचे घर असणाऱ्याला खर्चाच्या 70 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते आणि ज्यांचे करपात्र कौटुंबिक उत्पन्न 40 हजार युरोपर्यंत आहे त्यांच्यासाठी त्यात वेगळा वाटा आहे. हे चांगलेच आहे. पण हीट पंप चालतो विजेवर. एक युनिट वीज घेऊन तो साधारण तीन युनिट उष्णता देतो. आणि इथे घरगुती विजेचा दर गॅसच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आहे. मग वाचले काय? 2025 मध्ये नव्या सरकारने वीजकर सगळ्यांसाठी युरोपीय किमान पातळीवर आणायचे ठरवले होते. काही आठवड्यांत ती सवलत उद्योग आणि शेतीपुरती राहिली, घरगुती ग्राहकांना पाने पुसली गेली. स्वच्छ पर्याय स्वस्त करण्याचा साधा, सगळ्यांना कळणारा मार्ग समोर होता. तो पैशाचे कारण देऊन बंद केला, आणि त्याच वेळी गॅसवरची कार्बनची किंमत चालू राहिली.

पैसे परत देण्याच्या वचनांचेही तसेच झाले. कार्बनच्या वाढत्या किमतीची लोकांना भरपाई देणारी यंत्रणा उभारायची, असे जर्मनीत 2021 च्या आघाडी सरकारच्या करारात लिहिले होते. ते सरकार गेले, एकही युरो कुणाच्या खात्यात आला नाही. ऑस्ट्रियाने मात्र करून दाखवले होते. 2022 पासून तिथे प्रत्येकाला हवामान बोनस मिळायचा. 2024 मध्ये तो 145 ते 290 युरो होता, आणि जिथे बस-रेल्वे कमी तिथे जास्त. 2025 मध्ये नव्या सरकारने काटकसरीसाठी बोनस रद्द केला. कार्बनची किंमत मात्र तशीच ठेवली. तिथल्या माणसाने आता यातून काय समजायचे? सरकारने आपल्या नावाने पैसे गोळा केले आणि अडचण येताच ठेवून घेतले, असेच ना? पुढच्या वेळी तुम्ही परतफेडीचे वचन द्याल तेव्हा व्हिएन्नात कुणी ते ऐकून घेणार नाही.

म्हणून युरोपीय पातळीवरच्या सामाजिक हवामान निधीकडे मी आशेने आणि काळजीने पाहतो. या किमतीची झळ बसणाऱ्यांना सावरायला 2026 ते 2032 या काळासाठी तो आहे. दुसऱ्या कार्बन बाजारातून 65 अब्ज युरोपर्यंत आणि सदस्य देशांचा 25 टक्के वाटा धरून सुमारे 86.7 अब्ज. सर्वांत मोठा हिस्सा पोलंडला. दिशा बरोबर आहे. पण सदस्य देशांनी आपल्या योजना 30 जून 2025 पर्यंत द्यायच्या होत्या आणि बहुतेकांनी ती मुदत पाळली नाही. ज्या मंत्र्यांनी सभांमधून ब्रुसेल्स गरिबांना लुटते असे सांगितले, त्यांतल्या काहींच्या सरकारांनी गरिबांसाठी ठेवलेले पैसे मागायचा कागदही वेळेत भरला नाही. माझ्या म्हाताऱ्या शेजारणीकडून अर्जाला एक दिवस उशीर झाला तर सवलत जाते.

आणि आता वर्षभराची मुदतवाढ. ती जाहीर झाल्यावर अनेकांनी सामान्य माणसाला दिलासा मिळाला असे म्हटले. मला तसे वाटत नाही. निधीच्या मूळ कायद्यातच लिहिले आहे की दुसरा बाजार 2028 वर गेला तर निधीची कमाल रक्कम 65 ऐवजी 54.6 अब्ज युरो होईल. म्हणजे किंमत वर्षभर उशिरा लागेल आणि त्या बदल्यात सावरायला मिळणारे पैसेही कमी होतील, अशी तरतूद आधीपासून आहे. ही कात्री लागू देऊ नका. 10 अब्ज युरोंनी किती घरांच्या खिडक्या बदलल्या असत्या याचा हिशेब तुमच्या खात्यांकडे माझ्यापेक्षा चांगला असेल.

किंमत सगळीकडे एकच, पण खिसे सारखे नाहीत, हेही या निमित्ताने सांगायला हवे. 2025 मध्ये बल्गेरियात किमान वेतन महिन्याला 551 युरो होते, लक्झेंबर्गमध्ये 2,600 च्या वर. टनाची किंमत दोघांना तीच. परवान्याचा भाव 2020 च्या किमतीनुसार 45 युरोवर गेला तर जादा परवाने बाजारात सोडून तो आवरायचा, अशी सोय तुम्ही ठेवली आहे. पण तो भाव त्याखाली राहीलच, अशी हमी कायदा देत नाही. टनाला 100 युरो झाले तर आमच्या त्या 60 मीटरच्या घराचे 132 चे 240 होतात. कोळशावर तापणाऱ्या पोलिश किंवा बल्गेरियन घराचे आणखी जास्त, कारण तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा कितीतरी जास्त कार्बन सोडतो. आणि तिथे खर्च वाटून घ्यायला घरमालकही नाही, कारण ती घरे लोकांच्या स्वतःच्या मालकीची आहेत. घर नावावर आहे, पण दुरुस्तीला पैसे नाहीत.

वाहतुकीचे थोडक्यात सांगतो. 2022 च्या उन्हाळ्यात जर्मनीत तीन महिने 9 युरोत देशभर कुठल्याही लोकलने, बसने फिरता येत होते. मुलांना घेऊन पहिल्यांदा समुद्र पाहून आलेली कुटुंबे मला माहीत आहेत. मग मे 2023 मध्ये 49 युरोंचे तिकीट आले, 2025 मध्ये ते 58 झाले, 2026 मध्ये 63. इतके असूनही ते चांगले आहे, शहरात. ज्या गावात बस दिवसातून तीनदा येते आणि रविवारी येतच नाही, तिथल्या माणसाला ते काय कामाचे? फ्रान्सने 2024 च्या सुरुवातीला कमी उत्पन्नाच्या लोकांना महिन्याला सुमारे 100 युरोत विजेची गाडी भाडेपट्ट्याने देऊ केली. सहा आठवड्यांत 50 हजार मागण्या आल्या आणि योजना त्या वर्षापुरती थांबवावी लागली. लोकांना बदलायचेच नसते, असे म्हणणाऱ्यांनी ही गर्दी लक्षात ठेवावी.

आता थोडे अवघड. उद्योगांना कार्बनचे परवाने 2005 पासून मोठ्या प्रमाणात फुकट मिळाले. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत यांच्यासाठी ते 2026 पासून हळूहळू कमी होत 2034 मध्ये संपतील. फुकट परवान्यांना माझा सरसकट विरोध नाही. आमच्या रूर खोऱ्यात पोलादाच्या कारखान्यांवर हजारो घरे चालतात आणि कारखाना इथे बंद होऊन बाहेर उघडला तर हवेचे काहीच भले होत नाही. पण हिशेब पाहा: कारखान्यांना जुळवून घ्यायला जवळपास तीस वर्षे दिली. भाड्याच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला काय दिले? उद्योगाबाबत जो समजूतदारपणा दाखवला, त्याच्या निम्मा आम्हाला दाखवा.

आणि विमानाच्या इंधनाचे काय? 2003 च्या ऊर्जा कर निर्देशानुसार व्यावसायिक उड्डाणांच्या केरोसिनवर कर नाही. 2021 मध्ये आयोगाने हे बदलायचा प्रस्ताव मांडला. करविषयक निर्णयाला सगळ्या देशांची एकमताने संमती लागते, म्हणून तो सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत अडकून पडला आहे. फ्रँकफर्टहून मुंबईला जाणाऱ्या विमानाने मीही आई-वडिलांना भेटायला जातो. माझ्या तिकिटावर न्याय्य कर लागला तर तो मी भरीन. वर्षातून अनेकदा उडणाऱ्याने माझ्यापेक्षा जास्त भरावा आणि खासगी विमानाने जाणाऱ्याने त्याहून कितीतरी जास्त. घर तापवणे ही चैन नाही. त्यावर कर आणि केरोसिन मोकळे, हा क्रम कोणत्याही मतदाराला समजावून सांगता येणार नाही, आणि तो समजावून सांगायचा प्रयत्न कुणी करूही नये.

2024 मध्ये तुम्ही इमारतींच्या ऊर्जावापराचा निर्देश सुधारला. त्यात राहत्या घरांच्या वापरातली निदान 55 टक्के घट सर्वांत खराब 43 टक्के इमारतींतून यावी, असे बंधन आहे. ही उत्तम तरतूद आहे. तिला दात द्या. सर्वांत खराब इमारती म्हणजे बहुधा सर्वांत कमी उत्पन्नाचे भाडेकरू. तेव्हा सार्वजनिक पैसा घेऊन सुधारलेल्या घराचे एकूण भाडे, म्हणजे उष्णतेच्या खर्चासह महिन्याला जेवढे द्यावे लागते तेवढे, सुधारणेआधीपेक्षा वाढता कामा नये, अशी अट अनुदानालाच जोडा. मालकाचा खर्च वसूल झाला की वाढीव भाडे आपोआप उतरावे. कार्बनच्या खर्चातला मालकाचा वाटा भाडेकरूने मागायची वेळ येऊ नये, तो आपोआप वळता व्हावा. हा कायदा जर्मनीपुरता आहे, तो 27 देशांत असावा. परतफेडीची रक्कम किंमत लागायच्या आधी खात्यात जमा व्हावी आणि ती कुठल्याही सरकारला अंदाजपत्रकातल्या तुटीसाठी वापरता येऊ नये, याची तजवीज युरोपीय कायद्यात करा. घरगुती विजेवरचा कर किमान पातळीवर आणा. आणि केरोसिनचा प्रस्ताव पुन्हा टेबलावर ठेवा, कोणता देश अडवतो आहे ते नाव घेऊन सांगा.

2028 च्या जानेवारीला फार दिवस उरलेले नाहीत. क्राकूफला साडेतीन वर्षे लागली होती आणि ते एक शहर होते. वाढवून घेतलेल्या वर्षात सदस्य देशांच्या योजना मंजूर होऊन पहिल्या हिवाळ्याआधी पैसे लोकांपर्यंत पोहोचणार आहेत का, आणि निधी 65 अब्जच राहणार आहे का, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे आयोगाने जाहीर करावीत, अशी माझी मागणी आहे. मंत्रिमहोदयांनी आपापल्या देशाची योजना कधी सादर केली आणि त्यात भाडेकरूंसाठी किती रक्कम आहे, हे आपल्या नागरिकांना त्यांच्या भाषेत सांगावे.

उत्तराची वाट पाहत आहे. कळावे.

आपला,
डॉर्टमुंडमधला एक मराठी भाडेकरू